वाटेतला ऑक्सिजन

हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

गेल्या दोन महिन्यांत तीन गटांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला आहे. आमच्या गावापासून ग्रामीण रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटर, वाटेत घाट नाहीतर ओढा. गटाकडे थोडे पैसे शिल्लक आहेत. तर ऑक्सिजनचं एखादं छोटं मशीन किंवा सिलिंडर गावात घेऊन ठेवावं का? एका गटानं तर ऑक्सिजनचे पत्र्याचे डबे आणून आरोग्यपेटीत ठेवलेसुद्धा. म्हणून म्हटलं, एकदा नीटच बोलू. मी तीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. त्यातली बरीच वर्षं हे सिलिंडर ओढण्यात, फिरवण्यात आणि त्यांची चावी शोधण्यात गेली.

आपण जी हवा घेतो तिच्यात ऑक्सिजन २१ टक्के असतो. उरलेला बहुतेक भाग नायट्रोजन. धडधाकट माणसाला हे २१ टक्के पुरतात. पण न्युमोनियात फुप्फुसात पाणी-पू साठला, दम्यानं नळ्या आखडल्या, बाळंतपणात खूप रक्त गेलं, तर तेवढ्यात भागत नाही. अशा वेळी बाहेरून जास्तीचा ऑक्सिजन दिला की उपचार मिळेपर्यंत माणूस तग धरतो. तो आजार बरा करत नाही, वेळ मिळवून देतो. दवाखाना लांब असेल तर त्या वेळेची किंमत काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. ज्याचा श्वासच बंद पडला आहे त्याच्या नाकाला नळी लावून उपयोग नसतो. त्याला श्वास द्यावा लागतो, छाती दाबावी लागते. नळीतला ऑक्सिजन श्वास चालू असलेल्या माणसासाठी.

आता हा ऑक्सिजन बरोबर न्यायचा कसा? माणसं या प्रश्नाच्या मागे फार दिवस लागली आहेत. अमेरिकेत १८८५ साली जॉर्ज होल्टझॅपल नावाच्या डॉक्टरांनी न्युमोनियानं तडफडणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलाला ऑक्सिजन दिला. सिलिंडर कुठून आणणार? त्यांनी रोग्याच्या खाटेशेजारीच काचेच्या नळीत पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड तापवलं आणि निघालेला वायू मुलाला हुंगायला दिला. मुलगा वाचला. तेव्हापासून आजपर्यंत साधारण तीन वाटा निघाल्या आहेत. वायू दाबून भरून न्यायचा, हवेतून जागच्या जागी वेगळा काढायचा, नाहीतर होल्टझॅपल यांच्यासारखा रसायनातून तयार करायचा.

पहिली वाट म्हणजे सिलिंडर. रुग्णवाहिकेत दिसतं ते काळ्या अंगाचं आणि पांढऱ्या खांद्याचं. आपल्याकडे ऑक्सिजनच्या सिलिंडरचा रंग तोच. त्यातल्या मधल्या आकाराच्या सिलिंडरला बी-टाइप म्हणतात. ते रिकामंसुद्धा पंधरा किलोच्या आसपास भरतं आणि भरल्यावर त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मावतो कसा, तर दाबून. मोटारीच्या चाकात दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोचा दाब असतो, या सिलिंडरमध्ये दीडशे किलोच्या आसपास. म्हणून ते साखळीनं बांधलेलं असलं पाहिजे. आडवं पडून वरची तोटी तुटली तर ते बाणासारखं सुटतं. भिंतसुद्धा फोडू शकतं.

१५०० हा आकडा लक्षात ठेवा, त्यातून एक साधा हिशेब निघतो आणि तो कुठल्याही बाईला जमेल. मिनिटाला ५ लिटरनं ऑक्सिजन चालू असेल तर १५०० भागिले ५, म्हणजे ३०० मिनिटं. पाच तास. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर अडीच तास. घड्याळाचा काटा अर्ध्यावर असेल तर त्याच्या निम्मे. गाडीत बसण्याआधी काटा बघायचा आणि विचारायचं, किती लिटरनं चालू आहे? वाट किती तासांची? दोन्हींचा मेळ बसत नसेल तर तिथेच बोलायचं, घाटात पोचल्यावर नाही. काचेच्या नळीत छोटी गोळी तरंगते ना, तिच्या मध्यावर जी रेघ येते ते लिटर समजायचे.

सिलिंडरची खरी अडचण मी सांगते. एका ठिकाणी, नाव घेत नाही, सहा महिन्यांचं बाळ आणलं होतं. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती, ओठ काळेनिळे. सिलिंडर होतं, काठोकाठ भरलेलं होतं. चावी नव्हती. सिलिंडर उघडायचा तो छोटा पाना. कुणीतरी दुसऱ्या खोलीत नेला होता. तो सापडेपर्यंत अकरा मिनिटं गेली. बाळ वाचलं, पण त्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे विचारते, चावी कुठे आहे? चावी सिलिंडरलाच दोरीनं बांधलेली असली पाहिजे. दोन रुपयांची दोरी, पण ती बांधायचं काम कुणाच्याच नावावर नसतं.

दुसरी वाट कॉन्सन्ट्रेटर. करोनात हे नाव घराघरात पोचलं. हे मशीन ऑक्सिजन बनवत नाही, हवेतून निवडून घेतं. आपण सुपात धान्य पाखडतो तसंच म्हणा. आत दोन नळकांडी असतात, त्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक दाणे. हवा दाबानं आत ढकलली की नायट्रोजन त्या दाण्यांना चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे निघतो. मग दाब सोडला की नायट्रोजन बाहेर पडतो आणि दाणे पुन्हा मोकळे होतात. एक नळकांडं काम करतं तेव्हा दुसरं मोकळं होत असतं. त्यातून साधारण ९० ते ९५ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळतो. हवा संपत नाही, म्हणून हे मशीनही संपत नाही. संपते ती लाईट.

या मशीननं काय होऊ शकतं याचं एक चांगलं उदाहरण पापुआ न्यू गिनी या डोंगराळ बेटावरच्या देशातलं आहे. तिथल्या पाच रुग्णालयांत असे कॉन्सन्ट्रेटर आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर दिले, ते वापरायला आणि दुरुस्त करायला माणसं शिकवली. न्युमोनिया झालेल्या मुलांच्या मृत्यूचा धोका ३५ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नवं औषध काही नव्हतं. होता तो ऑक्सिजन, मोजायचं साधन आणि शिकवलेली माणसं. आपल्याकडे नंदुरबारचं उदाहरण आहे. तिथे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० मध्येच, दुसरी लाट यायच्या आधी, हवेतून ऑक्सिजन काढणारे मोठे प्रकल्प उभारायला घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात ऑक्सिजनसाठी धावपळ चालली होती, कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले, तेव्हा आदिवासी भागातला हा जिल्हा बऱ्यापैकी सावरून होता.

लाईटवर उपाय शोधणारेही आहेत. युगांडात काही दवाखान्यांनी छतावर सौर पट्ट्या बसवून, बॅटऱ्या जोडून कॉन्सन्ट्रेटर रात्रंदिवस चालवले आणि त्यानं मुलं वाचली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या भौतिकशास्त्रज्ञांनी तर उतारावरून वाहणाऱ्या पाण्याच्या ओढीवर, विजेशिवाय चालणारं मशीन करून पाहिलं. आपल्या कोकणातल्या, घाटातल्या वस्त्यांना ओढ्यांची काय कमी? पावसाळ्यात लाईट जाते तेव्हाच ओढा भरून वाहत असतो. पण हे अजून आपल्या तालुक्याच्या गावी विकत मिळण्याइतकं पुढे आलेलं नाही.

आता मशीन घ्यायचं म्हणाल, तर दोन प्रकार नीट ओळखा. घरातलं मोठं मशीन पंधरा-वीस किलोचं असतं, ते मिनिटाला ५ लिटर सतत देतं. खांद्याला अडकवायचं छोटं दोन-तीन किलोचं असतं आणि बॅटरीवर चालतं. त्याच्यावरही १, २, ३, ४, ५ असे आकडे असतात. दुकानदार म्हणतो, बघा ताई, पाचपर्यंत जातं. ते ५ लिटर नव्हे. बहुतेक छोटी मशीनं श्वास आत घेताना तेवढ्यापुरता एक झोत सोडतात, आकडा त्या झोताचा असतो. जुना फुप्फुसाचा आजार असलेल्या माणसाला हिंडाफिरायला ते चांगलं. पण धापा टाकणाऱ्या, अर्धवट शुद्धीतल्या रोग्याला ते पुरत नाही. लहान बाळाचा श्वास तर त्या मशीनला कळतही नाही.

आणि पडून राहिलेलं मशीन चालू असतं असं समजू नका. करोनात देणगी मिळालेली कितीतरी मशीनं आज खोक्यात आहेत. दमटपणानं आतले दाणे खराब होतात. मशीन घरघरतं, हवा सोडतं, पण त्या हवेत ऑक्सिजन किती हे मोजल्याशिवाय कळत नाही. ८२ टक्क्यांच्या खाली गेला तर ते मशीन रोग्याला लावायचं नाही असा दंडक आहे. मागची जाळी आठवड्याला धुवायची, मशीन अधूनमधून चालवायचं, शुद्धता तपासून घ्यायची. एवढं कोण करणार हे ठरलं असेल तरच मशीनचा विचार करा.

तिसरी वाट रसायनाची. विमानात हवा कमी झाली की वरून मास्क खाली येतो. बऱ्याच विमानांत त्याच्या मागे एक छोटं डबडं असतं. आत क्लोरेटची वडी, ती पेटली की ऑक्सिजन सुटतो. हलकं, वर्षानुवर्षं टिकणारं, दाबाची भानगड नाही. मग हेच सगळीकडे का नाही? कारण ते तापतं, भयंकर तापतं. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडामध्ये व्हॅल्यूजेट कंपनीचं एक विमान कोसळलं आणि त्यातले सगळे ११० जण गेले. सामानाच्या कप्प्यात अशीच जुनी डबडी नीट बंदोबस्त न करता भरली होती. एक पेटलं आणि आगीला ऑक्सिजनही त्यांनीच पुरवला. पुढच्याच वर्षी रशियाच्या मीर या अंतराळस्थानकातही असंच आगीचं प्रकरण झालं, सुदैवानं माणसं वाचली.

त्यापेक्षा सौम्य रसायन म्हणजे सोडियम परकार्बोनेट. कपड्यांचे डाग काढायच्या पावडरीत असतं ते. पाण्यात टाकलं की बुडबुडे येतात, तो ऑक्सिजनच. यावर चालणारी छोटी यंत्रंही निघाली आहेत. पण हिशेब करून बघा. मिनिटाला ५ लिटरनं पंधरा मिनिटं द्यायचं तर शुद्ध पावडर साधारण ६५० ग्रॅम लागते, तासाला अडीच किलोच्या वर. मध्येच गरज संपली म्हणून ते चटकन थांबवता येत नाही. आणि कुणी व्हिडिओ बघून घरी बादलीत करायला जाऊ नका. धुण्याची पावडर म्हणजे औषध नाही, त्यातले दाहक तुषार श्वासावाटे आत गेले तर आधीच थकलेलं फुप्फुस पोळेल.

राहिले ते पत्र्याचे डबे. डब्यावर ६ लिटर, ८ लिटर, १२ लिटर असं लिहिलेलं असतं. आता तुम्हाला हिशेब येतो. मिनिटाला ५ लिटरनं सहा लिटर किती पुरतील? एक मिनिट आणि वर थोडे सेकंद. अमेरिकेत आणीबाणीसाठी म्हणून चिठ्ठीशिवाय ऑक्सिजन विकायचा तर तो मिनिटाला किमान ६ लिटर आणि किमान १५ मिनिटं मिळाला पाहिजे, म्हणजे ९० लिटर. त्यापुढे बारा लिटरचा डबा काय करणार? ज्या गटानं डबे घेतले त्या बायांनो, वाईट वाटून घेऊ नका, पण पुन्हा घेऊ नका. त्याच पैशात बोटाला लावायचा चांगला ऑक्सिमीटर येईल.

हा ऑक्सिमीटर मला फार आवडतो. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्यानं १९७० च्या दशकात त्याचं तत्त्व शोधलं. सुई न टोचता, नुसत्या उजेडानं रक्तातला ऑक्सिजन कळतो. ९५ च्या वर असेल तर साधारण ठीक. ९० च्या खाली गेला तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन. लावण्याआधी नेलपॉलिश पुसा, हात गार असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. आकडा चांगला दिसतो आहे पण माणूस बघवत नाही, तर माणसावर विश्वास ठेवा, यंत्रावर नाही. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. बाळांच्या बाबतीत आशाताईंना श्वास मोजायला शिकवलेलंच आहे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतलं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. छाती आत ओढली जात असेल, दूध सोडलं असेल तर मोजत बसू नका, निघा.

आता जे सांगते ते चुलीपाशी बसणाऱ्या प्रत्येकीनं ऐका. ऑक्सिजन जास्त दिला म्हणजे जास्त चांगला, असं नाही. गेल्या शतकात, १९४० नंतरच्या दहा-बारा वर्षांत, अपुऱ्या दिवसांच्या हजारो बाळांना भरपूर ऑक्सिजन दिला गेला आणि त्यांची दृष्टी गेली. नंतर कळलं की त्या जास्तीच्या ऑक्सिजननंच डोळे गेले. मोठ्या माणसांतही तसंच. ज्या बायांनी वीस-तीस वर्षं चुलीचा धूर खाल्ला, त्यांच्यातल्या अनेकींची फुप्फुसं कायमची आखडतात. त्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. अशा बाईला धाप लागली म्हणून मास्क लावून धो धो ऑक्सिजन दिला तर काही वेळा तिला गुंगी येते, अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो. तिच्यासाठी बोटावरचा आकडा ८८ ते ९२ पुरे. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये रुग्णवाहिकेतल्या ४०५ रोग्यांवर हे तपासलं गेलं. मोजून बेतानं ऑक्सिजन दिलेल्यांतले मृत्यू, भरपूर दिलेल्यांच्या तुलनेत, निम्म्याहूनही कमी होते. म्हणून गाडीत बसताना सांगा, आईला जुनी धाप आहे, चुलीवर जन्म गेला आहे. बिडी-तंबाखूची मिश्री हे सगळं विचारतात, चुलीचं फार थोडे विचारतात.

आग. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. उदबत्तीची ठिणगी एरवी विझून जाते, ऑक्सिजनच्या नळीशेजारी ती पदर पेटवते. चूल, स्टोव्ह, गॅस, देवापुढचा दिवा, बिडी, सगळं किमान दहा फूट लांब. गोधडी आणि साडी ऑक्सिजन धरून ठेवतात, म्हणून मशीन बंद केल्यावरही वीस-पंचवीस मिनिटं चुलीशी जायचं नाही. आणि तेल! सिलिंडरची तोटी घट्ट झाली म्हणून कुणीतरी हमखास खोबरेल लावतं. ते कधीही नाही. दाबाचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर काडी लावावी लागत नाही. केसांना तेल चोपडलेल्या हातानं तोटीला हात लावू नका. नाक कोरडं पडलं म्हणून रोग्याला व्हॅसलिन लावू नका. तोटी हळू उघडायची, झटक्यानं नाही.

तर गटानं घ्यावं काय? माझं मत स्पष्ट आहे. गावात सिलिंडर ठेवू नका, त्याचं भरणं, तपासणी आणि सांभाळ हे गटाचं काम नव्हे. दोन ऑक्सिमीटर घ्या, एक आशाताईंकडे आणि एक गटाकडे, जास्तीच्या सेलसकट. वस्ती फारच लांब असेल, सौर वीज असेल आणि उपकेंद्रातल्या सिस्टर सांभाळायला तयार असतील, तर ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर उपकेंद्राला द्यायचा विचार करा, घरी नाही. आणि ग्रामसभेत, आरोग्य समितीच्या बैठकीत विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं सिलिंडर शेवटचं कधी भरलं? काटा कुठे आहे? लहान मुलांची नळी आहे का? कॉन्सन्ट्रेटरची शुद्धता कधी मोजली? रात्री लाईट गेली तर काय करता? हे भांडण नव्हे. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि वीसहून जास्त रोगी दगावले. ऑक्सिजन होता, टाकी होती. मध्येच तुटलेला तो पुरवठा माणसांना झेपला नाही.

एक पत्र राहिलं. एका ताईंनी विचारलं आहे, सासऱ्यांना घरी मशीन लावलंय, बाटलीत पाणी कुठलं घालायचं? उकळून गार केलेलं, रोज बदलायचं, बाटली रोज धुवायची. खुणेच्या वर भरू नका, नाहीतर पाणी नळीत चढतं. नळी मुडपली आहे का ते रात्री झोपण्याआधी बघा, आणि तिचं टोक पेल्यातल्या पाण्यात धरून बुडबुडे येतात का तेही बघा. आणि सासऱ्यांची बिडी काढून घ्या. ते रागावतील. रागावू द्या.

पुढच्या वेळी सर्पदंशावर बोलू. पावसाळा तोंडावर आला आहे. नमस्कार.